बँकॉक की क्वालालंपूर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की हेच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटांचे दर आणि सरकारी नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एकदा ताडून पाहावेत.

१. पहिल्यांदाच परदेशात जातोय. दोन्हींपैकी एकच निवडायचं तर कोणतं?

पाय धड असतील, गर्दीचा कंटाळा नसेल आणि खाण्याचे फारसे चोचले नसतील तर बँकॉक. सोबत वयस्कर माणसं, काटेकोर शाकाहारी किंवा अगदी लहान मूल असेल तर क्वालालंपूर. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या समोरासमोर ठेवून ठरवायला गेलात तर बँकॉकच जिंकेल, आणि तरीही तुमची सहल फसू शकेल. आधी सोबत कोण आहे ते पाहा, मग महिना पाहा (प्रश्न ३). यादी सगळ्यात शेवटी.

आमचं मत सरळ सांगायचं तर शहर म्हणून बँकॉक जास्त भरलेलं आहे. १७८२ मध्ये पहिल्या रामा राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वकाठावर राजधानी हलवली, तेव्हापासूनचे थर तिथे एकावर एक दिसतात. क्वालालंपूर १८५७ च्या सुमारास कथिलाच्या खाणींमुळे वसलं. त्याचं वय कमी आणि चाल संथ. पण तिथे मलय, चिनी आणि तमिळ असे तीन संसार एकाच रस्त्यावर नांदतात, आणि भारतीय माणसाला परकेपणा फारच कमी जाणवतो.

२. प्रत्येक शहराला किती दिवस द्यावेत?

बँकॉकला चार दिवस दिले तर धावपळ होत नाही. त्यातला एक अयुत्थयासाठी ठेवा. सुमारे ८० किलोमीटरवर जुन्या राजधानीचे भग्नावशेष आहेत आणि साध्या रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. क्वालालंपूरला दोन पूर्ण दिवस पुरतात. तिसरा दिवस हाताशी असेल तर मलाक्काला जा. अंतर साधारण १५० किलोमीटर. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या तिघांच्या खुणा असलेलं हे गाव २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एजंट मलाक्काऐवजी गेंटिंग हायलँड्स सुचवतात. तिथे रोपवे आहे, थंडावा आहे, कसिनो आहे. ज्यांनी महाबळेश्वर-लोणावळा मनसोक्त पाहिलंय त्यांना तिथल्या धुक्याचं फार अप्रूप वाटेल असं नाही.

३. मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

मे महिना असेल तर क्वालालंपूर. दिवाळी उशिरा, म्हणजे नोव्हेंबरात येत असेल तर बँकॉक.

कारण असं. बँकॉक साधारण चेन्नईच्या अक्षांशावर आहे. एप्रिलमध्ये तिथे अंगाची लाही होते, मेपासून नैऋत्य मोसमी पाऊस लागतो, सप्टेंबरात तो सर्वाधिक असतो आणि ऑक्टोबरअखेर ओसरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि सुसह्य. क्वालालंपूर विषुववृत्तापासून फक्त तीन अंशांवर आहे, त्यामुळे तिथे उन्हाळा-हिवाळा असं काही नाहीच. वर्षभर दुपारी बत्तीस-तेहतीस अंश आणि कधीही कोसळू शकणारी सर. तरी पावसाचे दोन जोर ठळक आहेत. एक मार्च-एप्रिलचा, दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. मे ते जुलै त्या मानाने बरे जातात.

दोन अडचणी पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सापडत नाहीत. बँकॉकच्या 'चांगल्या' मोसमात, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारी, शेतं जाळल्याच्या आणि वाहनांच्या धुराने हवा वाईट होते. दम्याचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी तिथला हवेचा निर्देशांक पाहावा. क्वालालंपूरला जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान काही वर्षी सुमात्रातल्या जंगलवणव्यांचा धूर येऊन ठेपतो. २०१५ आणि २०१९ मध्ये तो इतका होता की शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

४. व्हिसा लागतो का?

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि सवलतीची मुदत पुढे वाढवली. थायलंडनेही २०२३ च्या अखेरीस अशीच सवलत सुरू केली आणि २०२४ मध्ये दिवस वाढवले. पण या सवलती त्या त्या सरकारच्या मर्जीवर आहेत. तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाचं संकेतस्थळ उघडून पाहा, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मेहुण्याच्या अनुभवावर विसंबू नका.

व्हिसा नसला तरी दोन्हीकडे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते सरकारी नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवायची तयारी ठेवावी. रोज कोणी विचारत नाही, पण ज्याला विचारतात त्याची त्रेधा उडते.

५. स्वस्त कोणतं पडतं?

मोठा फरक नाही, पण खर्च वेगवेगळ्या जागी होतो. एक बाहत म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन रुपये आणि एक रिंगिट वीस रुपयांच्या वर. चांगल्या हॉटेलांच्या खोल्या क्वालालंपूरला आश्चर्य वाटावं इतक्या स्वस्त मिळतात. परदेशी पाहुण्यांना मात्र दर रात्री दर खोलीमागे १० रिंगिट पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो, काउंटरवर मागतात. बँकॉकला रस्त्यावरचं खाणं आणि नदीतल्या होड्या स्वस्त, पण प्रवेश तिकिटं चढी. एकट्या राजवाड्याचंच ५०० बाहत आहे. चार जणांच्या कुटुंबाला हे आकडे लागतात.

दारू हा ज्यांच्या हिशेबात मोठा भाग असतो त्यांनी लक्षात घ्यावं की करांमुळे ती मलेशियात बरीच महाग आहे.

थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर व्यवहारामागे दोनशे बाहतच्या वर आकार लागतो. थोडे थोडे पैसे काढू नका, एकदाच काढा.

६. विमानतळावरून शहरात कसं जायचं?

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंक निघते आणि अर्ध्या तासाच्या आत शहरातल्या फाया थाय स्टेशनात पोहोचवते. पूर्ण अंतराचं भाडं ४५ बाहत. तिथून स्कायट्रेन, म्हणजे उन्नत मेट्रो, बदलून घेता येते. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून ५० किलोमीटरहून लांब आहे. जलद गाडी २८ मिनिटांत केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनात आणते, पण तिकीट ५५ रिंगिट. एकट्याला ठीक आहे. तिघे-चौघे असाल तर ग्रॅब (ॲपवरून बोलवायची) टॅक्सी स्वस्त पडते आणि हॉटेलच्या दारात सोडते. पैसे वाचवायचेच असतील तर बस आहे.

बँकॉकला विमानतळ दोन आहेत, हे विसरू नका. स्वस्त विमान कंपन्यांची बरीच उड्डाणं डॉन म्युआंगवरून होतात. सुवर्णभूमीला उतरून डॉन म्युआंगहून पुढचं विमान असेल तर मध्ये निदान पाच तास ठेवा. क्वालालंपूरला टर्मिनल १ आणि २ वेगळ्या इमारतींत आहेत, मध्ये रेल्वेने जावं लागतं.

७. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

क्वालालंपूरला नाही. ब्रिकफील्ड्स भागात केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, तीन भाज्या आणि पापड असं जेवण मिळतं. मांसाहार वेगळा मागवावा लागतो, न मागवल्यास पान शाकाहारीच राहतं. वाढपी भात हवा तेवढा वाढतात. जेवण आवडलं तर पान स्वतःच्या दिशेने दुमडायची तिथली रीत आहे. रात्री-अपरात्री मामक, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या खानावळी, उघड्या असतात. तिथली रोटी चनाई आणि फेसाळ तेह तारिक मुलांनाही आवडतात. एवढीच काळजी घ्या: रोटीबरोबर येणारी आमटी नुसती डाळ आहे की 'दालचा', हे विचारून घ्या. दालचात बरेचदा मटणाची हाडं शिजवलेली असतात. नासी लेमाक हा मलेशियाचा लाडका पदार्थ दिसायला नारळाच्या दुधातला साधा भात, पण वर सुके मासे असतात आणि सांबलमध्ये बहुधा कोळंबीचा खार घातलेला असतो.

बँकॉकला जरा अभ्यास करून जावं लागतं. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी माशांचा रस, 'नाम प्ला', वापरतात. भाजीचा पदार्थ म्हणून समोर आलेल्या बशीतही तो असतो आणि स्वयंपाक्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पपईचा सोम तम असो की नुसत्या पालेभाजीचा परतलेला ढीग, गृहीत काहीही धरू नका. मांगसविरत म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं चालतं. 'जे' हा शब्द त्याहून कडक: मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत ही खूण असलेल्या दुकानात डोळे मिटून खा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ-दहा दिवसांचा शाकाहार उत्सव असतो, तेव्हा याओवरात या चिनी वस्तीत अशा पिवळ्या झेंड्यांची रांगच लागते. भारतीय जेवण पाहुरात भागात, गुरुद्वाऱ्याच्या आजूबाजूला, माफक दरात मिळतं. सुखुमवितलं भारतीय जेवण महाग पडतं. आंबा आणि चिकट भात मात्र निर्धास्त खा, एका जेवणाची सोय होते.

मांसाहारी पण डुक्कर न खाणाऱ्यांनी बँकॉकमध्ये 'मू' हा शब्द ओळखायला शिकावं. क्वालालंपूरला हलाल खानावळीत डुक्कर नसतं, पण गोमांस सर्रास असतं.

८. कांदा-लसूणही नको असेल तर?

इथे बँकॉक अनपेक्षितपणे सोपं जातं. 'जे' जेवणात कांदा, लसूण आणि तशा उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. मात्र बटाटा, गाजर, मुळा चालतो, त्यामुळे जैन नियम पूर्ण पाळायचे तर ते वेगळं सांगावं लागेल. क्वालालंपूरला चिनी बौद्ध शाकाहारी खानावळींत कांदा-लसणाविना जेवण मिळतं. तिथे 'मटण' किंवा 'मासा' म्हणून येणारा तुकडा सोयाबीनचा असतो, दचकू नका. तमिळ खानावळीत कांदा असणारच.

९. सत्तरीतल्या आईबाबांना कुठे नेऊ?

क्वालालंपूर. पण बाटू केव्हज या गुहेतल्या देवळाच्या २७२ पायऱ्यांचं आधी ठरवून घ्या. २०१८ मध्ये रंगवल्यापासून त्या छायाचित्रांत फार लोभस दिसतात, प्रत्यक्षात चढ उभा आहे आणि माकडं हातातली पिशवी ओढतात. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती पाहा, पायथ्याची देवळं आणि रामायण गुहा पाहा, शहाळं घ्या. दर्शन झालं म्हणायला हरकत नाही. केएल सेंट्रलहून कम्युटर गाडी थेट बाटू केव्हज स्टेशनात येते. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर ऊनही नाही आणि बसगाड्याही नाहीत.

बँकॉकलाच न्यायचं असेल तर राजवाडा सकाळी ८:३० ला उघडताच गाठा. आवारात सावली फार कमी आहे आणि दहानंतर तिथली फरशी तापते. वाट अरुणच्या ('वाट' म्हणजे देऊळ) मनोऱ्याच्या पायऱ्या अरुंद आणि खड्या आहेत, त्यांनी खालीच बसावं. नदीवरून होडीने फिरणं हा वयस्करांसाठी बँकॉकमधला सगळ्यात सुखाचा भाग आहे. फक्त धक्क्यावर होडी क्षणभरच टेकते, त्यामुळे चढताना हात धरा.

१०. लहान मुलांसाठी कोणतं बरं?

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर क्वालालंपूर. पेट्रोनास मनोऱ्यांच्या पायथ्याच्या बागेत मुलांना डुंबायला उथळ पाणी आहे, जवळच मत्स्यालय आहे, आणि पक्षी उद्यानात मोर पायांजवळून चालत जातात. जरा मोठ्या मुलांना बँकॉक जास्त भावतं. होड्या, टुकटुक आणि लुम्फिनी बागेतल्या तळ्याकाठी निवांत पडलेल्या भल्यामोठ्या घोरपडी. त्यांच्या वाटेला न गेल्यास त्याही तुमच्या वाटेला जात नाहीत.

११. दोन्ही शहरांत चुकवू नये असं काय?

बँकॉकमध्ये राजवाड्याच्या आवारातलं वाट फ्रा केव. पाचूचा बुद्ध म्हणून प्रसिद्ध असलेली मूर्ती हिरव्या जेडची आणि लहानशी आहे, लांबून पाहावी लागते. आमच्या मते खरा खजिना मूर्तीभोवतीच्या ओवऱ्यांत आहे. तिथे १७८ चित्रपटलांवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, सलग रंगवलेलं आहे. मारुती तिथे ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा. बहुतेक गट या भिंतींसमोरून पाठ फिरवून सेल्फी काढत निघून जातात. तास-दीड तास द्या. मग चालत वाट फोला जा, ४६ मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धाची शिंपल्यांनी मढवलेली पावलं पाहा, आणि ता तिएनच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुणला उतरा. या भागात स्कायट्रेन नाही, पण २०१९ पासून सनाम चाय हे भुयारी मेट्रोचं स्टेशन वाट फोच्या अगदी जवळ आहे. चातुचाक बाजार शनिवार-रविवारचाच, त्यानुसार दिवस लावा.

क्वालालंपूरमध्ये ४५२ मीटर उंचीचे पेट्रोनास मनोरे पाहायचे ते रात्री, खालून. वर जायचं तर तिकीट आधी काढा आणि सोमवार टाळा. ६७८.९ मीटरचा मर्डेका ११८ हा मनोरा आता त्यांच्या कितीतरी वर गेला आहे, पण देखणेपणात मागे आहे. ज्यावर कोणी फारसं बोलत नाही ते इस्लामी कला संग्रहालय मात्र जरूर पाहा. मशिदींच्या प्रतिकृती, कुराणाच्या हस्तलिखित प्रती आणि मुघलकालीन दागिने, सगळं थंड हवेत आणि गर्दीविना. मर्डेका चौकात १८९७ ची सुलतान अब्दुल समद इमारत आहे, आणि ३१ ऑगस्ट १९५७ च्या स्वातंत्र्याशी जोडलेलं मैदान समोरच.

कपड्यांचा नियम दोन्हीकडे सारखा: खांदे आणि गुडघे झाकलेले. राजवाड्यात फाटक्या जीन्सलाही अडवतात. मशिदींत झगा देतात, पण शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो.

१२. फसवणूक कुठे जास्त होते?

बँकॉकला, आणि ती फार नम्रपणे होते. राजवाड्याजवळ एक सुटाबुटातला गृहस्थ सांगतो की आज राजवाडा बंद आहे, समारंभ आहे, त्याऐवजी वीस बाहतमध्ये टुकटुक तुम्हाला चार देवळं दाखवील. देवळांच्या मध्ये रत्नांचं दुकान येतं आणि तिथे 'आजच सवलत' असते. राजवाडा उघडा आहे की नाही हे फक्त फाटकावर कळतं. थेट तिथे जा. टुकटुकची हौस एकदाच फेडावी, एरवी ग्रॅब किंवा मीटरची टॅक्सी. क्वालालंपूरला धोका वेगळा आहे. मोटारसायकलवरून पर्स हिसकावणारे असतात. पदपथावर चालताना पिशवी रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर ठेवा.

१३. एकट्या बाईने जायला कोणतं सुरक्षित?

दोन्ही. रात्री अकराला एकटीने जेवून परत येताना बँकॉकच्या मुख्य रस्त्यांवर जास्त मोकळं वाटतं, कारण रस्ते जागे असतात. क्वालालंपूरला कार्यालयांचे भाग नवानंतर ओस पडतात आणि पदपथ मध्येच संपतात. तिथे रात्री चालण्याऐवजी गाडी बोलवावी. पिशवीबद्दलची सूचना प्रश्न १२ मध्ये आहे.

१४. खरेदी?

बँकॉक. कपड्यांसाठी प्रतुनाम, बाकी सगळ्यासाठी चातुचाक. एकाच दिवशी एकाच दुकानात २,००० बाहतच्या वर खरेदी केली तर कराच्या परताव्याचा फॉर्म मागा. मलेशियात जीएसटी २०१८ मध्ये रद्द झाल्यापासून पर्यटकांना असा परतावा मिळत नाही.

१५. सोंगक्रान, थायपुसम किंवा रमजानमध्ये गेलो तर?

सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, १३ ते १५ एप्रिल. आपल्या रंगपंचमीची पाण्याने खेळली जाणारी बहीणच, फक्त तीन दिवस चालणारी. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि कोरडं राहण्याची आशा सोडा. बरीच छोटी दुकानं बंद असतात.

थायपुसम हा तमिळांचा मुरुगनचा उत्सव जानेवारी-फेब्रुवारीत येतो. गालातून 'वेल', म्हणजे मुरुगनचा भाला, आरपार घेतलेले आणि पाठीत आकडे अडकवलेले भक्त कावडी घेऊन बाटू केव्हज चढतात. गर्दी लाखांत असते. आषाढीला पंढरपुरात दर्शनरांगेत उभं राहिलेल्यांना त्या गर्दीचा अंदाज येईल, पण रक्त पाहून घेरी येणाऱ्यांनी जाऊ नये. नुसतं देऊळ पाहायचं असेल तर तो आठवडा टाळा.

रमजानमध्ये क्वालालंपूरला उपाशी राहावं लागत नाही. चिनी आणि तमिळ खानावळी नेहमीप्रमाणे चालतात, आणि संध्याकाळी रमजान बाजारांत इतकं खायला मिळतं की काहीजण मुद्दाम तेव्हाच जातात.

१६. राजाबद्दल थायलंडमध्ये बोलायचं नाही, हे खरं का?

खरं. राजघराण्याचा अवमान हा गंभीर गुन्हा आहे आणि समाजमाध्यमांवरची पोस्टही त्यात येते. नोटेवर राजाचं चित्र असतं, तेव्हा घरंगळणारी नोट पायाने अडवू नका. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला बागेत किंवा स्टेशनात राष्ट्रगीत लागलं तर सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. ई-सिगारेट थायलंडमध्ये नेणं बेकायदा आहे. अमली पदार्थांबाबत मलेशियाचे कायदे तर जगातल्या कडक कायद्यांपैकी.

१७. एकाच सहलीत दोन्ही जमतील का?

जमतील. मधलं विमान साधारण दोन तासांचं आहे. मुंबईहून एका शहरात जाऊन दुसऱ्यातून परतायचं तिकीट पाहा, उलटा प्रवास वाचतो. आठ दिवस असतील तर बँकॉकला पाच, क्वालालंपूरला तीन. आणि बँकॉक आधी ठेवा. थकल्यावर क्वालालंपूर जास्त मानवतं.

रेल्वेचे शौकीन असाल तर विमान सोडा. बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून दुपारी निघालेली शयनयान गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पडांग बेसारला पोहोचते. दोन्ही देशांचे पासपोर्ट-शिक्के एकाच स्टेशनात होतात. तिथून मलेशियाची विजेवरची जलद गाडी क्वालालंपूरला नेते. घड्याळ एक तास पुढे करायला विसरलात तर ती चुकेल. झोपायच्या जागा लवकर भरतात.

१८. एका विमानतळावर आठ तास थांबायचं आहे. बाहेर पडू का?

बँकॉकला पडा. स्वस्त गाडी आहे (प्रश्न ६), एरावनचं ब्रह्मदेवाचं देऊळ आणि एक जेवण आरामात होतं. राजवाड्याचा नाद करू नका. क्वालालंपूरला जलद गाडीचं जाण्या-येण्याचं भाडं माणशी शंभर रिंगिटच्या आसपास होतं, तेवढ्यात मनोऱ्यांचा फोटो आणि केळीचं पान. भूक किती लागली आहे त्यावर ठरवा. आगमन कार्ड मात्र दोन्हीकडे भरावं लागेल.

१९. मलेशियाची राजधानी पुत्रजया आहे असं मुलाच्या पुस्तकात आहे. मग क्वालालंपूर काय?

राज्यघटनेप्रमाणे राजधानी क्वालालंपूरच. संसद आणि राजाचा महाल तिथेच आहे. १९९९ पासून पंतप्रधानांचं कार्यालय आणि बहुतेक मंत्रालयं पुत्रजयाला हलवली, म्हणून ती प्रशासकीय राजधानी. तळ्याकाठची गुलाबी मशीद पाहायची असेल तर मेट्रोने किंवा विमानतळाच्या थांबत जाणाऱ्या गाडीने जाता येतं. भर दुपारी जाऊ नका, अंतरं गाड्यांसाठी आखलेली आहेत आणि सावली नाही.

२०. आपले चार्जर चालतात का?

थायलंडमध्ये आपली दोन गोल पिनांची चालतात, तीन पिनांची नाहीत. मलेशियात इंग्लंडसारखी तीन चौकोनी पिनांची सॉकेटं आहेत, अडॅप्टर लागेलच. मुंबईहूनच घेऊन जा, विमानतळावर दुपटीने पडतो.